आठवडी बाजारांच्या मागोमाग वाहाकाच्या खोऱ्यात

मेक्सिकोच्या दक्षिणेला वाहाका नावाचं राज्य आहे आणि त्याच नावाची त्याची राजधानी. तीन खोरी जिथे एकत्र येतात तिथे, साधारण 1,550 मीटर उंचीवर, हे शहर वसलंय. या खोऱ्यांत वार म्हटला की गाव ठरलेलं: रविवारी त्लाकोलुला, बुधवारी एत्ला, गुरुवारी साचिला, शुक्रवारी ओकोत्लान. बाजारांचं हे फिरतं चक्र स्पॅनिश लोक येण्याच्या आधीपासूनचं. ताईने आणि मी प्रवास ठरवताना हेच वार धरले आणि बाकीचं सगळं त्यांच्या अवतीभवती बसवलं.

सप्टेंबरची अखेर मुद्दाम निवडली होती. पाऊस सरत आलेला असतो, मका रानात उभा असतो. कोवळी कणसं, भोपळ्याची फुलं, नाकतोडे, रानभाज्या असं सगळं एकदम बाजारात येतं. ताई टेक्सासला असते, तिचं स्पॅनिश पक्कं आहे, त्यामुळे चुलीपाशी बसलेल्या बायकांशी बोलता येणार होतं आणि मला तेच हवं होतं. आपल्या शहरांत मेक्सिकन म्हणून जे चीज घातलेलं ताट समोर येतं, त्याचा इथल्या सापोतेक, मिश्तेक, चिनान्तेक या मूळच्या लोकांच्या घरांतल्या जेवणाशी फार थोडा संबंध आहे. हे जेवण मक्यावर उभं आहे. मका नुसता उकडून किंवा दळून खाल्ला तर तो माणसाला पुरा पडत नाही. तो पुरा पाडण्याची रीत इथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी शोधली. जगाने दाणा उचलला, रीत इथेच राहिली. ती रीत हातांत कशी असते ते मला बघायचं होतं.

शनिवार, वाहाका शहर

सकाळी सकाळी 20 नोव्हेंबर या नावाच्या मंडईत गेलो. इथल्या लांबच लांब बाकांवर बसून लोक चॉकलेट पितात, तेही पाण्यात केलेलं. मातीच्या उंच भांड्यात कडकडीत पाणी, त्यात चॉकलेटची जाड वडी, आणि मोलिनियो नावाची नक्षीदार लाकडी रवी दोन तळव्यांमध्ये धरून घुसळायची. फेस आला नाही तर चॉकलेट झालं नाही. पूर्वी हा फेस एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून धार सोडून काढत, रवी स्पॅनिश काळातली. सोबत अंड्याच्या बलकाचा पिवळसर पाव येतो, तो बुडवून खायचा. पाण्यातल्या चॉकलेटला दुधाचा जाडपणा नसतो, त्यामुळे कोकोचा तुरटपणा सरळ जिभेवर येतो. मला ते फार आवडलं. पुढे रोज सकाळी तेच घेतलं.

मंडईच्या बाजूलाच मीना रस्ता आहे. तिथे कोको दळायच्या गिरण्या ओळीने आहेत. आपण कोको, बदाम, दालचिनी आणि साखर यांचं प्रमाण सांगायचं, समोर दळून मिळतं. दाण्यांतलं तेल सुटून तपकिरी लगदा बाहेर पडतो. घरोघरची प्रमाणं वेगळी, आणि एक आजीबाई तर गिरणीवाल्याला दर दोन मिनिटांनी थांबवून लगदा चाखून बघत होत्या.

दुपारी सांतो दोमिंगोच्या जुन्या मठातल्या वनस्पती उद्यानात गेलो. तिथे तेओसिंते बघितलं. मक्याचा हा रानटी पूर्वज. त्याचं कणीस म्हणजे जेमतेम बोटाएवढी एक काडी, त्यावर दोन ओळींत मिळून पाच ते बारा दाणे, आणि प्रत्येक दाण्यावर दगडासारखं कवच. सुमारे 9,000 वर्षांपूर्वी वाहाकाच्या पश्चिमेला, बाल्सास नदीच्या खोऱ्यात लोकांनी या गवतातून निवडून निवडून मका घडवला. ती काडी बघितल्यावर त्या निवडणाऱ्यांच्या चिकाटीला हात जोडावेसे वाटले.

रात्री रस्त्यावर निखाऱ्यांवरची त्लायुदा खाल्ली. हातभर रुंद, चिवट वाळवलेली मक्याची टॉर्टिया, म्हणजे पातळ भाकरी, तिच्यावर डुकराच्या चरबीचा खालचा खरपूस साका, वाटलेला काळा घेवडा, केसियो नावाचं तारेचं चीज, आणि घडी घालून थेट निखाऱ्यावर. घेवड्यात अव्होकाडोची भाजलेली पानं वाटलेली असतात. त्यांना बडीशेपेच्या वळणाचा वास असतो.

रविवार, त्लाकोलुला

गर्द तांबड्या रंगाच्या शेअर टॅक्सीने निघालो. गाव सुरू व्हायच्या आधीच बाजार सुरू झालेला. आजूबाजूच्या गावांतल्या बायका भरतकाम केलेले एप्रन घालून, डोक्याला रेबोसो नावाची शाल गुंडाळून, हाताशी जिवंत टर्की धरून बसलेल्या. टर्की हा इथलाच पक्षी, इथेच माणसाळवलेला. गाय, डुक्कर, बकरी, कोंबडी हे सगळे सोळाव्या शतकात स्पॅनिशांबरोबर आले.

नाकतोड्यांच्या टोपल्यांपाशी बराच वेळ थांबलो. पहाटेच्या गारव्यात नाकतोडे सुस्त असतात, तेव्हा लसूणघासाच्या आणि मक्याच्या शेतांत जाळी मारून धरतात. मग उकळत्या पाण्यातून काढून कोमालवर, म्हणजे मातीच्या पसरट तव्यावर, लसूण, लिंबू आणि मीठ घालून भाजतात. आकाराप्रमाणे ढीग वेगळे. लहान कुरकुरीत आणि आंबट, मोठ्यांच्या तंगड्या जरा दाताखाली येतात. विकणारीने मूठभर ताईच्या हातावर ठेवले. ताईने डोळे मिटून तोंडात टाकले आणि लगेच दुसऱ्यांदा हात पुढे केला.

मिरच्यांच्या गल्लीत तर मला हलवेना. धुरावलेली पासिया मिहे, जी मिहे लोकांच्या डोंगराळ भागातून येते. उंच खांद्यांची, गोलसर काळी चिलवाक्ले, जी जवळपास फक्त कुईकात्लानच्या दरीतच पिकते आणि म्हणून महाग. लाल, तपकिरी, पिवळी अशी रास. आपल्याकडे घरोघर जी मिरची आहे, ब्याडगी असो की लवंगी, तिचं मूळ याच भूमीत आहे. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात ती गोव्यात उतरली आणि तिथून आपल्या देशभर पसरली. आपल्या खाण्यातलं तिखट त्याआधी मिऱ्यांचं, पिंपळीचं आणि आल्याचं होतं.

थोडं पुढे राजगिऱ्याच्या वड्या दिसल्या. लाह्या मधात आणि गुळासारख्या काकवीत थापलेल्या, वर शेंगदाणे आणि भोपळ्याच्या बिया. इथे त्यांना आलेग्रिया म्हणतात. स्पॅनिशांच्या आधीच्या आस्तेक (अ‍ॅझटेक) राज्यात राजगिरा कर म्हणून भरला जायचा. त्याच्या पिठाच्या देवांच्या मूर्ती करून सणाला त्या प्रसाद म्हणून वाटून खात. स्पॅनिश पाद्र्यांना ते पाखंड वाटलं, त्यांनी ती पूजा मोडली आणि राजगिऱ्याचं पीकही मागे पडलं. तेच धान्य आपल्याकडे येऊन एकादशीचं झालं. उपवासाचं आपलं ताट मांडून बघा: राजगिरा, शेंगदाणे, बटाटा, रताळं, साबुदाणा ज्याचा होतो तो कंद, हिरवी मिरची. सगळं अमेरिका खंडांतून आलेलं. मी वडी विकणाऱ्या बाईंना ताईकरवी सांगितलं, की आम्ही हे उपवासाला खातो, देवासाठी. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, मग बरोबरच आहे.

दुपारी ऊन चढल्यावर तेहाते. यासाठी जरा थांबून लिहायला हवं, कारण असं पेय मी दुसरीकडे कुठे बघितलं नाही. हिरव्या झिलईचं, कवेत न मावणारं मातीचं भांडं. त्यात मका, भाजलेला कोको, मामेय फळाची बी आणि रोसिता दे काकाव नावाचं वाळवलेलं सुगंधी फूल एकत्र वाटलेला गोळा. (मामेय हे चिकूच्या कुळातलं फळ, आणि चिकू स्वतःही मूळचा याच प्रदेशातला.) यातला मका चुन्यात न शिजवता चुलीच्या राखेत शिजवतात. बाई कोपरापर्यंत हात घालून तो गोळा मळत राहतात, मध्ये मध्ये उंचावरून गार पाण्याची धार सोडतात. हळूहळू कोकोचं आणि बियांचं तेल वर येतं आणि पांढऱ्या फेसाचा दाट, ढेकळांसारखा थर तयार होतो. लाल रंगवलेल्या हिकारात, म्हणजे वाळलेल्या फळाच्या करवंटीत, आधी पेय आणि वर हाताने फेस घालून देतात. हवा असेल तर साखरेचा पाक. चव मातकट, गार, फुलाच्या वासाची. उन्हात दिवसभर राबणाऱ्याला हे पेय आणि जेवण दोन्ही एकदम होतं. तेहातेचं मुख्य गाव सान आंद्रेस वायापाम, शहराला लागूनच. तिथल्या बायकांनी या धंद्यावर घरं चालवलीत, पोरं शिकवलीत.

सोमवार, गुहा आणि मित्ला

त्लाकोलुला ते मित्ला या पट्ट्यात युनियोन सापाता नावाची छोटी वस्ती आहे. तिथल्या वाटाड्याबरोबर कॅक्टसच्या माळरानातून चालत गुइला नाकित्सच्या गुहेकडे गेलो. गुहा म्हणण्याएवढी खोल नाही, कड्याखालचा आडोसा आहे. 1966 मध्ये पुरातत्त्वज्ञ केंट फ्लॅनरी यांनी तिथे उत्खनन केलं. भोपळ्याच्या बिया मिळाल्या, सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या, पेरून वाढवलेल्या भोपळ्याच्या. आणि मक्याची इवलीशी कणसं मिळाली, ज्यांचं वय पुढे सुमारे 6,250 वर्षं निघालं. यागुल आणि मित्ला या प्राचीन स्थळांजवळच्या या गुहा 2010 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आल्या. त्याच वर्षी मेक्सिकोचं पारंपरिक जेवणही युनेस्कोच्या दुसऱ्या, अमूर्त वारशाच्या यादीत गेलं.

गुहेत बघायला काही नाही, दगड आणि धूळ. तरी मी तिथे बराच वेळ बसले. समोर उतारावर आजचं शेत दिसत होतं, त्यात मका, मक्यावर चढलेला घेवडा आणि खाली पसरलेला भोपळा. याला मिल्पा म्हणतात. घेवडा मातीत नत्र भरतो, मका त्याला आधार देतो, भोपळ्याची पानं जमीन झाकून ओल धरतात आणि तण दाबतात. ताटातही तेच तिघे एकमेकांना पुरे करतात, कारण मक्यात जी प्रथिनं कमी पडतात ती घेवडा भरून काढतो.

मित्लाच्या महालांच्या भिंतींवरची दगडी नक्षी सगळे बघतात, आम्हीही बघितली. मला जास्त भावलं ते जवळच्या जुन्या वस्तीतलं संशोधन: तिथल्या घरांत टर्कीची अख्खी अंडी सापडली, सुमारे 1,500 वर्षांपूर्वीची, पूजेत ठेवलेली.

संध्याकाळी तेओतित्लान देल वाये गावात मुक्कामाला गेलो. गालिचे विणणाऱ्या सापोतेक लोकांचं हे गाव. ज्यांच्याकडे उतरलो त्या सेन्योरा आणि त्यांची लेक आपल्या स्वयंपाकघरात पाहुण्यांना रांधायला शिकवतात. दोघी आपसात सापोतेक बोलायच्या, ताईशी स्पॅनिश, आणि ताई मला मराठीत सांगायची. रात्री नऊच्या सुमारास सेन्योरांनी चुलीवर मोठं भांडं चढवलं. पाणी गरम झाल्यावर त्यात चुना. कळीचा चुना आधी वेगळा पाण्यात विझवला, तेव्हा तो फसफसून तापला. मग या खोऱ्यातला बोलिता जातीचा मका ओतला, गोलसर दाण्यांचा. काही मिनिटांतच पांढरे दाणे पिवळे पडले. सेन्योरा मधूनच एक दाणा उचलून दोन बोटांत चोळत. साल सुटून निसटलं की भांडं खाली. झाकण ठेवलं आणि म्हणाल्या, आता झोपा, बाकीचं काम चुना करील.

मंगळवार, तेओतित्लानच्या चुलीपाशी

पहाटे उठून रात्रीचं भांडं उघडलं. पाणी पिवळंजर्द, थोडं चिकट, ओल्या भिंतीसारखा वास. दाणे फुगून टपोरे झालेले. पाणी ओतून ते चोळून धुतले, साल पाण्याबरोबर निघून गेलं. हा झाला निश्तामाल. चुन्यामुळे सालाचे बंध सुटतात, पीठ चिकटून येतं आणि त्याची टॉर्टिया होऊ शकते. नुसत्या कोरड्या मक्याच्या पिठाला ही लवचीकता नसते. पण खरा फायदा डोळ्यांना दिसत नाही. मक्यात नायसिन हे जीवनसत्त्व असतं, पण ते असं बांधलेलं असतं की शरीराला घेता येत नाही. चुना ते मोकळं करतो, शिवाय कॅल्शियम वाढवतो. मका युरोपात गेला तेव्हा त्याच्याबरोबर चुना गेला नाही. अठराव्या शतकात स्पेनच्या आणि इटलीच्या उत्तर भागात, जिथे गरीब लोक मक्यावरच जगत होते, तिथे नायसिनच्या कमतरतेचा पेलाग्रा हा रोग पसरला. कातडी सोलून निघायची, जुलाब लागायचे, डोकं भ्रमिष्ट व्हायचं आणि माणसं मरायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेतही तेच झालं. डॉक्टर कितीतरी वर्षं रोगजंतू शोधत होते. इथल्या कुठल्याही चुलीपाशी उत्तर होतं, पण इथल्या बाईला कुणी विचारलं नाही. याचा मला मनापासून राग येतो.

बादल्या घेऊन लेकीबरोबर गिरणीवर गेलो. पहाटे गावातल्या बायकांची रांग. गिरणी येण्याआधी हे सगळं दळण मेतातेवर व्हायचं, दिवसाचे कित्येक तास. मेताते म्हणजे आपल्या पाटा-वरवंट्याचंच दूरचं भावंड, फक्त त्याला तीन पाय असतात, तो पुढे उतरता असतो आणि वरवंटा पाट्याहून लांब असतो. गुडघ्यांवर बसून, दोन्ही हातांनी धरून, सगळं अंग पुढे टाकून वाटायचं. सेन्योरा गिरणीतलं पीठ आणल्यावरही मेतातेवर एकदा फिरवतात. मला दिला तर माझ्या खांद्यांतून कळ आली आणि पीठ जाडसरच राहिलं. सेन्योरांनी वरवंटा हातात घेतला, आणि बघता बघता ते पीठ लोण्यासारखं खाली सरकलं.

कोमालला आधी चुन्याचं पाणी फासतात, म्हणजे टॉर्टिया चिकटत नाही. पिठाचा गोळा थापून कोमालवर, कडा सुटल्या की उलटायची, परत उलटायची, आणि मग ती टम्म फुगते. पहिली फुगलेली टॉर्टिया सेन्योरांनी नुसतं मीठ लावून गुंडाळून हातात दिली. त्या घासात मक्याची गोडी, चुन्याचा किंचित खनिज वास आणि लाकडाचा धूर असं सगळं होतं. तेवढंच खाऊन परत आले असते तरी माझं काही म्हणणं नव्हतं.

मग काळा मोले, म्हणजे मिरच्यांचं दाट कालवण. हा लग्नाकार्यातला, मयताच्या दिवसांतला, मोठ्या सणाचा पदार्थ. आमच्यासाठी थोडाच केला. चिलवाक्ले, मुलातो आणि पासिया मिरच्या पुसून, चिरून, बिया काढून कोमालवर काळ्या होईतो भाजल्या. मग बिया वेगळ्या घेऊन अक्षरशः जाळल्या. कोळसा झाला की पाण्यात टाकून ते पाणी बदलत राहायचं, कडूपणा उतरेपर्यंत. घरभर खकाणा, सगळ्यांना ठसका, दारं सताड उघडी. तीळ, बदाम, शेंगदाणे, मनुका, पिकलेलं केळं, पावाचे तुकडे, टोमॅटो, लवंग, मिरी, दालचिनी, अव्होकाडोची पानं हे सगळं वेगवेगळं तळून किंवा भाजून वाटायचं. एकत्र भाजलेलं चालत नाही, कारण प्रत्येकाची वेळ वेगळी. शेवटी चरबीत मिरच्यांचं वाटण परतून, बाकीचं घालून, टर्कीच्या पाण्याने सैल करून, चॉकलेट टाकून तासन्‌तास ढवळत राहायचं.

यातलं अर्धं सामान समुद्रापलीकडचं. तीळ, मिरी, लवंग, दालचिनी आशियातली. 1565 ते 1815 या काळात मनिलाहून अकापुल्कोला स्पॅनिश गलबतं येत, त्यांतूनही मसाले इथे उतरत. म्हणजे आपल्या बाजूची मिरी इथे पोचली, आणि इथली मिरची आपल्याकडे. सेन्योरांना हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, तुमच्याकडे मिरची जाळतात का? मी म्हटलं, भाजतो, पण बिया अशा काळ्याठिक्कर नाही करत. त्या म्हणाल्या, मग घरी करून बघा, फक्त शेजाऱ्यांना आधी सांगा.

जेवण झाल्यावर लेकीने एक वही दाखवली. वही जुनी, पानं तेलकट. त्यात ओळीने नावं आणि पुढे किती टर्की, किती किलो कोको, किती टोपल्या टॉर्टिया. या देवाणघेवाणीला गेलागेत्सा म्हणतात. कुणाच्या घरी कार्य निघालं की आप्त सामान आणून देतात, ते वहीत चढतं, आणि त्यांच्याकडे कार्य निघालं की तितकंच परत जातं. काही नोंदी आईच्या हातच्या, काही आजीच्या सांगण्यावरून लिहिलेल्या. अशा वह्यांमुळे गरीब घरालाही शेकडो माणसांची पंगत उठवता येते. मोलेच्या चवीइतकीच ही वही माझ्या लक्षात राहिली.

बुधवार, एत्ला

सकाळपासून पाऊस. एत्लाचा बाजार छपराखाली असल्याने निभावलं. केसियोचं हे माहेर. गरम पाण्यात ताणून ओढलेल्या चीजच्या फिती गुंडाळून गोळे करतात, तेच त्लायुदावर असतं. दूधदुभतं स्पॅनिशांनी आणलं, पण ते इथल्या ताटात आता इतकं मुरलंय की परकं म्हणवत नाही. चेपिल या रानभाजीचा तामाल खाल्ला. मक्याच्या कणसाच्या पानात गुंडाळून उकडलेला, आत दुसरं काही नाही, फक्त पीठ आणि हिरवी पानं. मला तो मांसाच्या तामालपेक्षा सरस वाटला. उरलेला दिवस खोलीत कपडे वाळवण्यात गेला.

गुरुवार, दगडाचं कालवण

साचिलाला गेलोच नाही, कारण तूले गावाच्या रस्त्यावर चिनान्तेक लोकांच्या एका खानावळीत दगडाचं कालवण मिळतं असं कळलं. हे उत्तरेकडच्या सान फेलिपे उसिला भागातल्या लोकांचं. नदीवर मासेमारीला गेल्यावर पुरुष हे रांधतात, आणि बायकांना, मुलांना, म्हाताऱ्यांना मानाने वाढतात. बायकांनी हे करायचं नाही असा रिवाज आहे. बाकी सगळ्या चुलींवर बायकाच राबताना बघितल्यामुळे मला त्याचं फार अप्रूप वाटलं.

करवंटीत कच्चा मासा, कोळंबी, टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर, एपासोते या उग्र वासाच्या वनस्पतीची पानं आणि पाणी. शेजारी जाळात नदीतले गोटे लाल होईपर्यंत तापवलेले. कुठलाही गोटा चालत नाही, तडकणारा दगड घातक, म्हणून नदीतून पारखून आणतात. लाकडी चिमट्याने गोटा उचलून पाण्यात सोडला की चर्र होऊन क्षणात उकळी फुटते. दुसरा गोटा टाकला की मासा शिजलेला. भांडं आगीवर न ठेवता झालेलं जेवण, म्हणून करवंटी जळत नाही. कालवण पातळ, स्वच्छ, दगडाच्या उष्णतेने किंचित धुरकट.

तिथल्या एका काकांशी मक्यावरून बोलणं निघालं. मिहे डोंगरात ओलोतोन नावाचा मका आहे, माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंच वाढणारा. त्याच्या खोडावर हवेतच मुळं फुटतात आणि त्यांतून बुळबुळीत चीक गळतो. त्या चिकातले जिवाणू हवेतला नत्र पकडून झाडाला देतात, हे 2018 मध्ये शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं. तिथले शेतकरी तो मका खत न घालता पिढ्यान्‌पिढ्या लावत आलेत. काका म्हणाले, आता सगळ्यांना आमचं बियाणं हवंय. मेक्सिकोत मक्याच्या सुमारे 60 देशी जाती आहेत, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त एकट्या वाहाकात. 2025 च्या मार्चमध्ये देशाने घटनादुरुस्ती करून जनुकबदल केलेल्या मक्याच्या लागवडीवर बंदी घातली. मला ते योग्य वाटतं. जिथे मका जन्मला तिथली शेतं जपायलाच हवीत.

शुक्रवार, ओकोत्लान

निघायच्या आधीचा शेवटचा बाजार. भोपळ्याच्या वेलाचे कोवळे शेंडे, फुलं, कोवळ्या कणसांचे तुकडे आणि चेपिल घातलेलं सूप प्यायलो, मिल्पातलं जवळपास सगळं त्या एका वाडग्यात होतं. सुक्या मिरच्या घेतल्या. त्लायुदा विकणाऱ्या बाईंपाशी थांबलो. त्यांच्या टोपलीवरचं फडकं वर केलं की वाफ यायची. शेजारच्या दुकानात तयार पिठाच्या, यंत्रावरच्या टॉर्टिया स्वस्त मिळतात आणि गिऱ्हाईक तिकडे वळतं, असं त्या म्हणाल्या. त्यांचा हिशेब सरळ होता: मका घरचा, लाकूड विकतचं, पहाटे तीनला उठायचं, आणि दर तरी वाढवता येत नाही. आम्ही सांगतील त्या किमतीला घेतल्या. तुम्ही गेलात तर घासाघीस करू नका, एवढंच सांगते.

सेन्योरांनी निश्तामालचं प्रमाण ताईच्या वहीत लिहून दिलं होतं, ते इथे देते. आपल्याकडे करताना स्वीट कॉर्न घेऊ नका, पूर्ण वाळलेला देशी मका हवा, पांढरा मिळाला तर उत्तम. एक किलो मक्याला तीन लिटर पाणी आणि साधारण 10 ग्रॅम कोरडी चुन्याची भुकटी, खाण्याच्या प्रतीची. पानाचा ओला चुना वापरणार असाल तर त्यात पाणी असतं, म्हणून थोडा जास्त. चुना आधी वाटीभर पाण्यात कालवून मग भांड्यात ओता. अर्धा ते पाऊण तास मंद उकळी, साल बोटांत निसटलं की बंद. रात्रभर झाकून ठेवा, सकाळी दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवा आणि ओलाच वाटा. पातेलं स्टीलचं किंवा मातीचं घ्या. अ‍ॅल्युमिनियमचं नको, चुना त्याला खातो.